शब्दखेळांच्या स्पर्धांनी मुलांचं इंग्रजी खरंच सुधारतं का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. आमच्या शाळेत यंदा इंग्रजी शब्दखेळांची स्पर्धा घ्यायचं घाटतंय आणि आखणी माझ्याकडे आली आहे. सध्या पुढे असलेली कल्पना अशी की एकेका मुलाने मंचावर यायचं, दिलेल्या शब्दाचं स्पेलिंग म्हणायचं, चुकलं की बाद. शेवटी उरेल त्याला करंडक. एक सहकारी म्हणतात, त्यापेक्षा स्क्रॅबल ठेवा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द बनवायचा खेळ. दुसऱ्यांचं म्हणणं, शब्दकोडी वाटा आणि मोकळे व्हा.

स्पर्धेच्या हेतूत 'मुलांचं इंग्रजी चांगलं व्हावं' असं लिहिलंय आणि माझं घोडं तिथेच अडलंय. माझ्या वर्गात अवघड स्पेलिंगं घडाघडा म्हणणारी मुलं आहेत. काल शाळेत का आला नाहीस, हे इंग्रजीत सांग म्हटलं की तीच गप्प होतात. उलट काही मुलं गोष्ट इतकी रंगवून सांगतात की ऐकत राहावं, आणि लिहायला बसली की ओळीओळीत स्पेलिंग चुकतात. मग ही स्पर्धा नेमकं कोणाचं काय सुधारणार?

माझं मत आधीच सांगते. खेळ हवेत. धड्याला जांभया देणारं मूल शब्दखेळाला पुढे सरसावून बसतं हे मी रोज पाहते. पण कोणता खेळ आणि कोणते नियम, यावर सगळं आहे. ज्यांनी अशा स्पर्धा घेतल्यात, खेळल्यात किंवा मुलांना पाठवलंय त्यांनी सविस्तर लिहा.

उनाड_अक्षर

स्क्रॅबल. बिनशर्त स्क्रॅबल.

कोडेबाज

उनाड यांना अनुमोदन, पण कारणांसकट.

स्क्रॅबलचा जन्मच इंग्रजीच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणातून झालाय. आल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांची पानं घेऊन त्यात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून खेळातल्या सोंगट्या ठरवल्या. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी खेळाला आजचं नाव दिलं, पण अक्षरांचा हिशेब बट्सचाच. १०० सोंगट्यांत 'ई' १२, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी ९, तर 'क्यू' आणि 'झेड' एकेकच आणि त्यांना १० गुण. थोडे दिवस खेळलेल्या मुलाच्या हातात ही भाषेची ठेवण आपोआप बसते. 'क्यू'च्या मागे बहुतेक वेळा 'यू' लागतो, 'एच' कोणाकोणाशी जुळतो, शब्दाच्या शेवटी काय येऊ शकतं, हे त्याला कोणी पाठ करायला सांगावं लागत नाही.

दुसरं, प्रत्यय. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की ५० गुण जादा मिळतात. त्यासाठी मुरलेले खेळाडू 'आय-एन-जी' किंवा 'ई-आर' बाजूला ठेवून उरलेल्या अक्षरांत धातू शोधतात. म्हणजे शब्द कसा घडतो याचाच तो सराव आहे. 'यू-एन' कोणाच्या आधी लागतो, 'ई-डी' कोणाला लागत नाही, यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. व्याकरणाच्या तासाला असं भांडण कधी होतं का?

तळटीप

कोडेबाज, खेळ सुंदर आहे यात वाद नाही. पण मूळ प्रश्न 'चांगलं इंग्रजी' हा आहे आणि त्याला सर्वांत मोठा अडसर तुमच्याच खेळातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा आहे.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवडे फ्रेंच शब्दयादी पाठ केली आणि जिंकले. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही जिंकलं, तीही भाषा न बोलता. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे हात जोडावेत, पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. या खेळात अक्षरांचा क्रम माहीत असणं पुरतं, अर्थाची गरजच पडत नाही.

थायलंडचं उदाहरणही बघा. इंग्रजी तिथली मातृभाषा नाही, तरी २००३ मध्ये पानुपोल सुज्जायाकोर्न आणि २००९ मध्ये पाकोर्न नेमित्रमान्सुक हे थाई खेळाडू इंग्रजी स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. कौतुक वाटतं. पण शाळेने स्पर्धा 'इंग्रजी सुधारण्यासाठी' घ्यायची असेल तर हे ध्यानात ठेवायला हवं.

उनाड_अक्षर

तळटीप यांनी नावाला जागून सगळी मजा तळाशी नेली. :) पण रिचर्ड्सची गोष्ट भारी आहे.

कोडेबाज

तळटीप, रिचर्ड्स हे टोकाचं उदाहरण आहे. जगज्जेता काय करतो त्यावरून सहावीतल्या मुलाला काय मिळेल हे ठरत नाही. लाखभराहून जास्त शब्दांची यादी पाठ करणारा वेगळा. आपली मुलं त्यांना माहीत असलेलेच हजार-दीड हजार शब्द चाचपत असतात. त्या पातळीवर मूल अर्थ माहीत असलेलाच शब्द मांडतं, कारण दुसरा त्याच्याकडे नसतोच. तुम्ही म्हणता तो धोका पुढच्या पायरीवर येतो, मुलं दोन अक्षरी शब्दांच्या याद्या पाठ करायला लागतात तेव्हा. 'क्यू-आय' हा शब्द सगळे लावतात आणि त्याचा अर्थ विचारला तर फारच थोडे सांगतात, हे मात्र कबूल.

खडूफळा

निवृत्त शिक्षक आहे. इंग्रजीच शिकवलं. दोघांचं वाचून लिहावंसं वाटलं.

कोडेबाज म्हणतात की हा खेळ व्याकरणाचा सराव घडवतो. अर्धं खरं आहे. स्क्रॅबलच्या अधिकृत यादीत जवळजवळ प्रत्येक नामाला 'एस' लावून अनेकवचन करता येतं. 'फर्निचर'ला 'एस' लावलेला शब्दही चालतो, गुण मिळतात. वर्गात मात्र मी हीच चूक लाल शाईने खोडत आलो. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस' ही नामं रोजच्या इंग्रजीत मोजत नाहीत, म्हणून त्यांना 'एस' लागत नाही, हे घोटवून घ्यायला वर्षं जातात. आणि खेळ पाच मिनिटांत त्यावर शाबासकी देतो!

दुसरी गोष्ट. चांगल्या इंग्रजीत सुट्या शब्दांइतकंच महत्त्व शब्दांच्या जोड्यांना आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो, यांची अदलाबदल केली की कानाला खटकतं. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लागत नाही. आपल्या मुलांच्या नव्वद टक्के चुका इथल्या असतात असं मी अनुभवाने म्हणेन, आणि सुट्या शब्दांचा कोणताही खेळ इथे पोचत नाही. जोड्यांचे खेळ वेगळे बनवावे लागतात. मी वर्गात एका बाजूला विशेषणं आणि दुसऱ्या बाजूला नामं अशा चिठ्ठ्या ठेवत असे. कोणती कोणाशी नांदते ते जुळवायचं आणि जोडी वाक्यात वापरून दाखवायची. स्पर्धेत एक फेरी अशी ठेवा, बाई. खर्च शून्य.

वाचतेय

धागा छान चाललाय. लिहीत राहा.

चांदणभूल

मी आई म्हणून लिहितेय आणि जरा तीव्र लिहिणार आहे.

माझ्या मुलाला अक्षरांचा क्रम धरून ठेवायला जमत नाही. वाचन-लेखनाची अडचण आहे, तपासणीही झालीय. तो बोलतो सुरेख, त्याची शब्दसंपत्ती त्याच्या वयाच्या मानाने मोठी आहे. तरीही त्याच्या शाळेत 'सगळ्यांनी भाग घ्यायचाच' म्हणून त्याला मंचावर उभं केलं. पहिलाच शब्द चुकला, खाली मुलं हसली, आणि घरी आल्यावर त्याने इंग्रजीचं पुस्तक उघडायचं नाव सोडलं. इंग्रजीची गोडी लागावी म्हणून घेतलेल्या स्पर्धेने त्याची होती ती गोडी काढून घेतली.

पाटीपेन्सिल, कळकळीने सांगते, बाद करण्याची पद्धत नको. मंचावर एकट्याने उभं राहायची सक्ती तर अजिबात नको. बाकी कोणताही खेळ घ्या.

मागचा_बाक

चांदणभूल, +१००. मला अशी काही अडचण नव्हती तरी शाळेतल्या स्पेलिंग स्पर्धा नकोशा व्हायच्या. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तो पहिल्याच फेरीत घरी, आणि ज्याला सगळं येतंच तो शेवटपर्यंत शब्द सोडवत बसणार. सराव कोणाला मिळाला?

पाटीपेन्सिल

मागचा_बाक, हे वाक्य मी उद्याच्या बैठकीत जसंच्या तसं वापरणार आहे. चालेल ना?

चांदणभूल, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. सक्ती नसेल आणि बादही कोणी होणार नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

मागचा_बाक

खुशाल वापरा. :)

तळटीप

बाद पद्धतीच्या विरोधात मीही आहे. पण स्पेलिंग स्पर्धा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी असा सूर लागतोय, तो पुरता खरा नाही.

अमेरिकेतली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. १९८५ मध्ये बालू नटराजन हा तिथला पहिला भारतीय वंशाचा विजेता ठरला आणि १९९९ मध्ये नुपूर लाला जिंकल्यानंतर तर भारतीय वंशाच्या मुलांची रांगच लागली. तिथे स्पर्धकाला शब्द मिळाल्यावर प्रश्न विचारायची मुभा असते. अर्थ काय, शब्दाची जात कोणती, कोणत्या भाषेतून आला, वाक्यात वापरून दाखवाल का. तयारीची मुलं शब्द कधीच ऐकला नसला तरी या उत्तरांवरून स्पेलिंग बांधतात. ग्रीकमधून आला असेल तर 'फ'साठी 'पी-एच' येण्याची शक्यता मोठी. 'स'च्या उच्चाराआधी मुका 'पी' दिसला तर तोही ग्रीकच, जसं 'सायकॉलॉजी'. फ्रेंच असेल तर शेवटच्या 'ओ'साठी 'ई-ए-यू'. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ हा मुळात अनेक भाषांच्या लेखनपद्धती शेजारी शेजारी राहिल्याचा परिणाम आहे, आणि मुलाला ही किल्ली सापडली की त्याला स्पेलिंग जुलमी वाटेनासं होतं.

शिवाय २०१३ पासून त्यांनी अर्थावरचे प्रश्नही घातले. मात्र पाठांतर किती टोकाला जातं तेही तिथेच दिसलं. २०१९ मध्ये आठ मुलं शेवटपर्यंत चुकेनात, आयोजकांकडचे पुरेसे अवघड शब्द संपत आले आणि आठही जणांना विजेते घोषित करावं लागलं.

तेव्हा स्पेलिंगची फेरी घ्या, पण गटाने, बसल्या जागी, पाटीवर किंवा कागदावर लिहून. आणि प्रश्न विचारायची मुभा ठेवा. मूल जो प्रश्न विचारतं त्यातच ते शिकत असतं.

वाचनवेडी

इतकं सगळं वाचल्यावर एक साधा प्रश्न. हा सगळा वेळ मुलांना पुस्तकं वाचायला दिला तर?

शब्दसंग्रहाच्या अभ्यासात पॉल नेशन हे मोठं नाव. त्यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत हवीत. शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची नेहमीची रूपं. एवढे शब्द खेळातून कसे येणार? एक शब्द पक्का व्हायला तो वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि तसा तो भेटतो वाचनात. खेळात शब्द एकटा येतो, गुण देतो आणि जातो.

माझ्या मुलींपैकी धाकटी सतत शब्दकोडी सोडवायची, थोरली गोष्टींची पुस्तकं वाचायची. आज लिहिता येतं ते थोरलीला.

हिशेबी

वाचनवेडी, घरात दोन मुली म्हणजे पुरावा नव्हे, पण मुद्दा पटतो. अडचण वेगळीच आहे. 'पुस्तक वाच' म्हटल्यावर वाचणारं मूल आधीच सुखरूप आहे. पाटीपेन्सिल यांच्यासमोर न वाचणारी पन्नास मुलं बसलीत. त्यांच्यासाठी खेळ हे दार आहे. दारात थांबू द्यायचं नाही, एवढंच.

आयोजकांना माझी एक सूचना. सुधारलं की नाही हे मोजा. स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळ्यांकडून एका चित्रावर दहा वाक्यं लिहून घ्या. महिनाभराने तसंच दुसरं चित्र. किती वेगवेगळे शब्द वापरले, किती जोड्या बरोबर आल्या, ते पाहा. करंडक कोणाला मिळाला यावरून काही कळत नाही, या कागदांवरून कळेल.

खडूफळा

हिशेबींची सूचना सोन्यासारखी. फक्त त्या कागदांना गुण देऊ नका, नाहीतर तीही परीक्षा होईल.

जोडाक्षर

अवांतर: मराठीत स्क्रॅबल करायचं तर कसं करावं? मी आणि भाऊ पुठ्ठ्याच्या सोंगट्या कापून बसलो होतो. 'स्त्री' लिहायला किती सोंगट्या? अख्खं अक्षर एका सोंगटीवर घ्यावं तर सोंगट्या शेकड्यांनी लागतात, काना-मात्रा वेगळ्या ठेवाव्यात तर वेलांटी लावायची कुठे आणि रफार ठेवायचा कुठे.

उनाड_अक्षर

'कार्त्स्न्य' लावला की पट संपला!

कोडेबाज

जोडाक्षर, चौकटीत अख्खं अक्षर धरून, मात्रा खेळणाऱ्याने पेन्सिलीने लावायची अशी मोकळीक द्या. सोंगटीवर फक्त व्यंजन. आम्ही तसं खेळतो, मस्त चालतं. मराठी शब्दकोड्यात प्रत्येक घरात अख्खं अक्षर असतंच की. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

वाचनवेडी

वेगळा धागा नक्की काढा. इंग्रजीसाठी एवढा खटाटोप चाललाय, मुलांच्या मराठीलाही त्याची तितकीच गरज आहे.

पाटीपेन्सिल

वाचतेय सगळं. मूळ विषयाकडे येऊन दोन व्यावहारिक शंका. एक, वर्गात पन्नास मुलं आणि स्क्रॅबलचे संच मोजके. दोन, तळटीप म्हणतात तो अर्थाचा प्रश्न खेळाच्या आत कसा आणायचा?

कोडेबाज

पहिल्या शंकेवर हमखास तोडगा: डुप्लिकेट स्क्रॅबल. ही पद्धत १९७० च्या दशकात बेल्जियममध्ये निघाली आणि फ्रेंच भाषेतल्या स्पर्धा आजही बहुतांशी अशाच होतात. सगळ्यांना तीच सात अक्षरं. फळ्यावर एक मोठा पट काढा, अक्षरं लिहा, दोन-तीन मिनिटं द्या. प्रत्येक जोडीने आपला सर्वांत चांगला शब्द आणि त्याची जागा कागदावर लिहायची. ज्याला जेवढे गुण बनतील तेवढे त्याचे. मग सगळ्यांत जास्त गुणांचा शब्द फळ्यावरच्या पटावर लावायचा आणि पुढची अक्षरं द्यायची. नशिबाचा भाग संपतो, कोणी बाद होत नाही, आणि दर फेरीला पन्नासच्या पन्नास मुलं डोकं चालवतात. मोठ्यांच्या स्पर्धेत प्रत्येकाला २५ मिनिटांचं घड्याळ असतं, ते इथे विसरा.

खडूफळा

हे मला नवीन. फार आवडलं. दर फेरीनंतर 'आणखी कोणते शब्द बनले' हे विचारता येईल, तिथेच खरं शिकणं.

तळटीप

दुसऱ्या शंकेवर माझा नियम असा. शब्द मांडणाऱ्याला समोरचा कोणीही 'अर्थ?' विचारू शकतो. मांडणाऱ्याने अर्थ सांगून एक वाक्य करायचं. जमलं नाही तर शब्दाचे गुण शून्य.

कोडेबाज

शून्य? मग खेळच मेला. मूल धाडस करून नवा शब्द लावतं, त्याला शिक्षा होणार. पुढच्या वेळी ते 'कॅट' आणि 'डॉग'च लावेल. अंदाजाने शब्द लावून तो बरोबर निघणं ही या खेळातली सर्वांत मोठी मजा आहे आणि तिथूनच मूल घरी जाऊन शब्द शोधतं.

तळटीप

अर्थ न कळता लावलेल्या शब्दाला पूर्ण गुण दिले तर आपण रिचर्ड्सच घडवणार, तेही त्यांच्या स्मरणशक्तीशिवाय. इंग्रजीची स्पर्धा असेल तर अर्थाला किंमत हवी.

हिशेबी

मध्ये पडतो. शिक्षा नको, बक्षीस ठेवा. शब्दाचे गुण तसेच राहतील. वाक्य जमलं तर वर पाच गुण. ज्याला जमत नाही त्याचं काही जात नाही, ज्याला जमतं तो पुढे जातो. मुलं दुसऱ्याच दिवशी पाच गुणांसाठी अर्थ शोधायला लागतील.

कोडेबाज

हे चालेल. माझी पसंती अजूनही वाक्यांची फेरी पट संपल्यावर घेण्याला, म्हणजे खेळाचा वेग तुटत नाही. पटावरचे तीन शब्द निवडा आणि त्यांचा एक छोटा परिच्छेद करा.

तळटीप

मला पाच गुण फार कमी वाटतात. एका 'झेड'पायी जास्त मिळतात. निदान दहा तरी करा.

चांदणभूल

वाक्य तोंडी सांगायची मुभा ठेवा. माझ्या मुलासारख्यांना तिथेच जिंकता येईल. आणि जोड्या लावताना एक स्पेलिंगवाला, एक बोलणारा अशी लावा.

खडूफळा

चांदणभूल, नेमकं बोललात. जोड्या शिक्षकांनीच लावाव्यात, मुलांवर सोडल्या तर हुशार हुशार एकत्र बसतात.

आता शब्दकोशाचा प्रश्न, कारण भांडणं तिथेच होतात. ब्रिटिश 'कलर'मध्ये 'यू' असतो, अमेरिकन 'कलर'मध्ये नसतो. दोन्ही चालतील हे आधीच जाहीर करा. आणि निर्णयासाठी स्क्रॅबलची यादी वापरू नका. शिकणाऱ्यांसाठी असलेला एखादा इंग्रजी शब्दकोश टेबलावर ठेवा. अशा कोशांत अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत दिलेले असतात, प्रत्येक अर्थाला वाक्य असतं, आणि नाम मोजता येतं की नाही तेही खुणेने दाखवलेलं असतं. म्हणजे 'फर्निचर'ला 'एस' लावला की कोश उघडायचा, खूण बघायची, वाद मिटला. शिवाय शब्द तपासायला कोश मुलांनीच उघडायचा. दिवसभरात प्रत्येक मुलाने दहा-बारा वेळा कोश चाळला तर स्पर्धेचं निम्मं काम झालं.

वाचनवेडी

हे वाचून माझा विरोध बराच मावळला. कोशातली वाक्यं वाचणं हेही वाचनच. मग माझीही एक फेरी घ्या. बाजारातून आणलेली तयार शब्दकोडी नकोत. कोडं मुलांनी रचायचं. आर्थर विन यांनी १९१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिलं शब्दकोडं छापलं तेव्हापासून कोडं सोडवणारे उदंड झाले. रचणारे मात्र थोडेच. 'अंब्रेला' हा शब्द उत्तरात हवा असेल तर त्याची खूण इंग्रजीत लिहिताना मुलाला वस्तू नेमक्या शब्दांत मांडावी लागते. फार सोपी लिहिली तर मजा नाही, फार अंधुक लिहिली तर कोणाला सुटणार नाही. वाचणाऱ्याचा विचार करून लिहिणं ते हेच. सातवीतल्यांनी रचलेली कोडी सहावीला सोडवायला द्या.

मागचा_बाक

आणि लहानांना शब्दांची शिडी द्या. एका वेळी एकच अक्षर बदलून 'कॅट'पासून 'डॉग'पर्यंत जायचं: कॅट, कॉट, डॉट, डॉग. लुईस कॅरॉल यांनी १८७७ मध्ये काढलेला खेळ आहे. फळा आणि खडू असला की झालं.

पाटीपेन्सिल

बैठक झाली. सांगते.

मंचावरची बाद फेरी रद्द. मागचा_बाक यांचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा कोणाला उत्तर सुचलं नाही. आता चार फेऱ्या ठरल्यात. डुप्लिकेट स्क्रॅबल जोड्यांनी, निकाल शिकणाऱ्यांच्या कोशावरून. वाक्याला दहा गुण, तोंडी किंवा लेखी, आणि वाक्य पट संपल्यावर. म्हणजे कोडेबाज आणि तळटीप दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं. दुसरी फेरी खडूफळा सरांच्या चिठ्ठ्यांची, विशेषण आणि नामाच्या जोड्या. तिसरी मुलांनी रचलेल्या कोड्यांची. चौथी स्पेलिंगची, गटाने कागदावर, प्रश्न विचारण्याच्या मुभेसह. पाचवीच्या वर्गाला शब्दांची शिडी. दहा वाक्यांचे कागद पुढच्या आठवड्यात लिहून घेतेय, बिनगुणांचे.

करंडकावर अजून एकमत नाही. मला तो एका मुलाऐवजी वर्गाला द्यावासा वाटतो.

तळटीप

वर्गालाच द्या. आणि ज्या मुलाने स्पेलिंगच्या फेरीत सर्वांत चांगला प्रश्न विचारला त्याला एक कोश बक्षीस.

कोडेबाज

डुप्लिकेटसाठी अक्षरं यदृच्छेने काढलीत तर कधी सात व्यंजनंच येतील आणि सगळे वैतागतील. दर खेपेला निदान दोन स्वर आणि दोन व्यंजनं आहेत ना ते बघून मगच फळ्यावर लिहा, नसतील तर सातही परत टाकून नवी काढा.

पाटीपेन्सिल

नोंद केली. कोरी सोंगटी, म्हणजे कोणत्याही अक्षरासाठी चालणारी, वापरायची का?

कोडेबाज

पहिल्या वर्षी नको. मुलं तिच्यावरच अडून बसतात.

चांदणभूल

पाटीपेन्सिल, दहा वाक्यांचे दुसरे कागद आले की इथे लिहाल का? मी हा धागा आमच्या शाळेच्या बाईंना दाखवणार आहे, त्या पहिल्यांदा तेच विचारतील.

पाटीपेन्सिल

लिहीन. सुधारणा दिसली तरी आणि नाही दिसली तरी.